टायमर लावला, तरी फोन सुटत नाही

प्रश्न : इन्स्टाग्रामला रोज अर्ध्या तासाची मर्यादा लावली आहे, पण वेळ संपल्याची सूचना आली की मी ती बाजूला सारते आणि पुढे पाहत बसते. मग या सोयींचा उपयोग काय?

उत्तर : सूचना बाजूला सारता येते, हीच तर गोम आहे. ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ आणि गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ २०१८ मध्ये आणले, तेव्हापासून मर्यादा घालण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. मात्र ती घालणारे आणि मोडणारे आपणच असल्याने, दिवसभर दमून रात्री साडेअकराला अंथरुणावर पडलेल्या माणसाने सकाळच्या निर्धाराची राखण करावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे. आयफोन असेल तर ‘स्क्रीन टाइम’ला स्वतंत्र पासकोड ठेवून मर्यादा संपल्यावर ॲप अडवण्याचा पर्याय चालू करता येतो; तो पासकोड नवऱ्याला, बहिणीला किंवा मैत्रिणीला टाकायला सांगा आणि तुम्ही पाहू नका. अँड्रॉइडवर वेळ संपली की ॲपचे चिन्ह करडे पडते, पण सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढून टाकायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्यामुळे तिथे ॲपच काढून टाका आणि इन्स्टाग्राम ब्राउझरमधून, पासवर्ड साठवून न ठेवता, दर वेळी नव्याने लॉग-इन करून पाहा. हा जाच किरकोळ वाटेल. परंतु हात सवयीने फोनकडे जातो, तेव्हा एवढ्याशा अडथळ्यानेही माणूस भानावर येतो. मिनिटे मोजण्यापेक्षा फोनची जागा ठरवणे अधिक टिकते, असे माझे मत आहे : रात्री चार्जर स्वयंपाकघरात आणि उशाशी गजराचे साधे घड्याळ.

प्रश्न : पडदा कृष्णधवल केल्याने फरक पडतो का?

उत्तर : थोडा. रील्सची चमक उतरते, पण व्हॉट्सॲपवरच्या गप्पांना रंग कुठे लागतात? झोपेच्या वेळी पडदा आपोआप करडा होईल, एवढी व्यवस्था पुरे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेचे, पालकांचे आणि केंद्राचे इतके गट आहेत की फोन दूर ठेवणे परवडतच नाही.

उत्तर : फोन दूर ठेवू नका, त्याचे बोलणे थांबवा. ज्या गटांतून खरोखर आदेश येतात ते दोन-तीन वगळून बाकीचे कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि ते दुपारच्या सुट्टीत व शाळा सुटल्यावर असे दोनदाच उघडा. ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये मुख्याध्यापक आणि घरच्यांचे कॉल तेवढे येऊ देता येतात. तातडीचे काम असेल तर फोन करा, असे सहकाऱ्यांना एकदा स्पष्ट सांगून ठेवा. सुप्रभातच्या फुलांसाठी कोणी फोन करत नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. मुलांच्या फोनवर पालकांना नियंत्रण देणारे गूगलचे ‘फॅमिली लिंक’ ॲप लावले, तर तो मित्राच्या फोनवर पाहतो. आता काय करावे?

उत्तर : ‘फॅमिली लिंक’मुळे त्याच्या फोनची रोजची मर्यादा आणि रात्रीची बंद वेळ ठरते, पण मित्राच्या फोनपर्यंत त्या ॲपचा हात पोहोचत नाही. मर्यादा त्याच्याशी बोलून ठरवा आणि तीच स्वतःलाही लावा, कारण वडील जेवताना क्रिकेटचा स्कोअर पाहत असतील तर मुलाला लावलेले कुलूप म्हणजे त्याला निव्वळ शिक्षाच वाटणार. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की बंदी एकट्या मुलांवर नव्हती, मोठ्यांनाही होती. यूट्यूबपुरता आणखी एक उपाय करता येईल : पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला की मुख्य पानावरच्या शिफारशी नाहीशा होतात, आणि गणिताचा धडा शोधायला गेलेला मुलगा निदान तिथेच दुसरीकडे भरकटत नाही. इतके करूनही झोप, जेवण आणि अभ्यास तिन्ही विस्कटले असतील, फोन काढून घेताच तो हाणामारीवर येत असेल, तर ॲपवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत याच तक्रारींसाठी २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ हा स्वतंत्र विभाग आहे.