ड्राइव्ह सुरू झाला की आकडे का नाचतात?

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी): हळदीच्या ड्रायरच्या ब्लोअरला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवल्यापासून पीटी-१०० या सेन्सरचं तापमान पाच-सात अंशांनी नाचतं. सेन्सर बदलला, तरी तेच.

उत्तर: ड्राइव्हला सप्लाय द्या, पण रन (मोटर फिरवण्याचा आदेश) देऊ नका. आकडा स्थिर राहिला आणि रन देताच हलू लागला, तर उपद्रव मोटरच्या केबलचा आहे. तिच्यातलं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि शेजारून गेलेली सेन्सरची वायर ते उचलते. मोटरला शील्डेड केबल (तारांभोवती धातूच्या जाळीची शील्ड असलेली) टाका, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करा. बहुतेक जण शील्डची जाळी पिळून शेपटासारखी लगला (वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडाला) जोडतात आणि तिथेच काम बिघडतं. एवढ्या फ्रिक्वेन्सीला चार इंचांचं शेपूटही अडथळा ठरतं. त्याऐवजी बाहेरचं आवरण इंचभर सोला आणि जाळी सगळ्या बाजूंनी धातूच्या क्लॅम्पखाली दाबा. क्लॅम्प बसतो तिथला प्लेटचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. रंगावर आवळलेला क्लॅम्प नसल्यातच जमा. सेन्सरची केबल किमान २०० मिमी दूर न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. तिची शील्ड मात्र फक्त पॅनेलकडे अर्थ करा, सेन्सरकडचं टोक स्लीव्हने झाका.

प्रश्न (मिरज): पीएलसीसाठी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी) अर्थिंगचा वेगळा खड्डा घेतला, तरी त्रास आहेच.

उत्तर: नॉईज, म्हणजे हा विजेचा उपद्रव, जमिनीत मुरत नाही. ड्राइव्हमधून निघतो, ड्राइव्हकडेच परततो. परतीची जवळची वाट त्याला शील्ड आणि पॅनेलच्या प्लेटवरून मिळाली पाहिजे. सुटा ठेवलेला खड्डा तर धोक्याचा: जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये मोठा व्होल्टेज-फरक तयार होतो आणि त्यात पीएलसी सापडतो. दोन्ही खड्डे अर्थ पट्टीने एकमेकांना लवकरात लवकर जोडून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, तेव्हा खड्ड्यात पाणी जरूर घाला, पण ते माणसांच्या सुरक्षेसाठी.

प्रश्न (सातारा): २४ व्होल्ट डीसीचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघडणारा) बंद होताना काउंटर एक जास्त मोजतो.

उत्तर: कॉइलचा करंट तुटताना उलटा झटका बसतो. १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) थेट कॉइलच्या टर्मिनलवर लावा, त्याच्यावरची पट्टी प्लसकडे. उलटा लावला तर शॉर्ट होईल. एसी कॉइलला डायोड चालत नाही. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. डायोडमुळे व्हॉल्व्ह सुटायला किंचित उशीर होतो. तो परवडत नसेल तर व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की ते दाबणारा भाग) घ्या.