नाव इलेक्ट्राचं, काम मात्सुमोतोचं

प्रश्न : माझे वडील 1978 मध्ये शिकायला सेंट लुईसला आले. पुढच्या वर्षी त्यांनी वसतिगृहातल्या एका मुलाकडून वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या मॉडेलच्या आकाराची, हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, ‘इलेक्ट्रा’ हे नाव. गेल्या वर्षी बाबा गेले आणि गिटार माझ्याकडे ओहायोला आली. मागच्या बाजूला झाकण आहे, ते उघडलं तर आत दोन रिकाम्या खाचा. ‘मेड इन जपान’ कुठेच लिहिलेलं नाही. एका दुकानदाराने सांगितलं, ही ‘लॉसूट गिटार’ आहे, कंपनीवर खटला झाला आणि ती बुडाली. मला गिटार विकायची नाही. ती कुणी बनवली, ते लोक पुढे कुठे गेले, एवढं माझ्या मुलीसाठी लिहून ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : त्या रिकाम्या खाचांपासूनच सुरुवात करा. गिटारीची ओळख तिथेच पटते. या मालिकेला एमपीसी म्हणत, म्हणजे ‘मॉड्युलर पॉवर्ड सर्किट्स’. बाकीचे वादक फझ, फेज शिफ्टर असले आवाज बदलणारे इफेक्ट पायाखालच्या पेडलमधून काढायचे. इलेक्ट्राने तेच छोट्या डब्यांत भरून गिटारीच्या पाठीत बसवले. एका वेळी दोन डबे खोचायचे आणि पुढच्या बाजूच्या खटक्यांनी चालू-बंद करायचे. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली, म्हणजे वडिलांनी घेतली तेव्हा गिटार फार जुनी नव्हती. डबे सुटे असल्याने हरवतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक एमपीसी गिटारींच्या खाचा अशाच रिकाम्या होत्या.

आता नावाचं. इलेक्ट्रा नावाचा कारखाना कधी नव्हताच, आणि इथेच पुष्कळ जणांचा शोध अडतो. हे नाव सेंट लुईस म्युझिक या घाऊक व्यापारी कंपनीचं. म्हणजे वडिलांनी ज्या गावात गिटार घेतली, त्याच गावची कंपनी. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण तुमच्या शोधाचे निम्मे कागद त्या एकाच शहरात मिळतील.

ही कंपनी आधी कस्टम क्राफ्ट नावाने गिटारी विकायची आणि त्या ‘के’ आणि ‘वाल्को’ या अमेरिकी कारखान्यांतून बनवून घ्यायची. 1967 मध्ये वाल्कोने ‘के’ कंपनी विकत घेतली आणि 1968 मध्ये दोन्ही बंद पडल्या. माल देणारेच गेल्यावर सेंट लुईसवाले जपानकडे वळले. एका डॉलरला 360 येन हा दर 1949 पासून बांधलेला होता, त्यामुळे जपानी माल स्वस्त पडायचा. इलेक्ट्राच्या अगदी सुरुवातीच्या मॉडेलांत अँपेग या अमेरिकी कंपनीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या गिटारीची नक्कल होती. पुढे 1986 मध्ये याच सेंट लुईस म्युझिकने अँपेग विकत घेतली. नक्कल ते मालकी हा प्रवास मुलीला जरूर सांगा.

तुमची गिटार घडली ती नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावी, मात्सुमोकू नावाच्या कारखान्यात. 1951 मध्ये सुरू झालेलं हे लाकूडकामाचं ठिकाण. शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या हे त्यांचं काम. तो हात गिटारींना लागला. एरिया, युनिव्हॉक्स, सत्तरच्या दशकातल्या एपिफोन, या सगळ्या नावांच्या गिटारी तिथूनच निघाल्या. दुसऱ्या नावाची गिटार शेजारी ठेवलीत आणि सांधे, पट्ट्या, स्क्रू सारखे दिसले, तर आश्चर्य वाटू देऊ नका. माझ्या मते अशा गिटारीचा इतिहास आयात करणाऱ्याचा वेगळा आणि घडवणाऱ्याचा वेगळा लिहावा. एकात मिसळला की दोन्ही बिघडतात.

दुकानदाराची खटल्याची गोष्ट मात्र पुसून टाका. खटला झाला हे खरं. 28 जून 1977 रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. पण तो इबानेझ या जपानी गिटारी विकणाऱ्या एल्जर कंपनीवर होता आणि वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. इलेक्ट्रा त्यात पक्षकार नव्हती. ‘लॉसूट गिटार’ हे बिरूद विकणाऱ्यांनी त्या काळच्या सगळ्याच जपानी नकलांना चिकटवलं, कारण त्याने किंमत चढते. मला या गोष्टीचा खरंच राग येतो. मात्सुमोतोतल्या सुतारांचं काम चांगलं होतं, त्याला खटल्याचा टेकू लागत नाही.

इलेक्ट्राचं नाव मागे पडायला चलनाचाही हातभार लागला. 360 चा बांधलेला दर 1971 मध्ये सुटला आणि 1978 पर्यंत डॉलर दोनशे येनांच्या आसपास उतरला. म्हणजे जपानात 36,000 येनांना पडणारी वस्तू आधी शंभर डॉलरला मिळायची, तीच आता 180 ला. स्वस्त नक्कल विकण्यात मग काही उरलं नाही. स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि तुमच्या गिटारीच्या पाठीतल्या खाचांना मी त्याच धडपडीचा भाग मानतो. 1984 मध्ये गिटारींवर ‘इलेक्ट्रा-वेस्टोन’ असं जोडनाव आलं, पुढे नुसतं ‘वेस्टोन’ उरलं. मात्सुमोकू 1987 मध्ये बंद झाला.

आता गिटार हातात घ्या. हेडस्टॉकच्या मागे किंवा नेक, म्हणजे गिटारीची मान, धडाला जोडणाऱ्या पट्टीवर क्रमांक असेल. त्याचे पहिले दोन आकडे 76, 77, 78 असे असले तर बहुधा तेच साल. ‘मेड इन जपान’ न दिसण्याचं कारण साधं आहे. अमेरिकेच्या 1930 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लागतं, पण तो कागदी स्टिकर असला तरी चालायचा, आणि स्टिकर निघून जातो. हेडस्टॉकची पाठ खिडकीशी तिरकी धरा. जिथे स्टिकर होता तिथलं पॉलिश कमी पिवळं पडलेलं असतं. फिकट चौकोन दिसला की त्याचा फोटो काढून ठेवा.

आतल्या पॉटवरचे, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या विद्युत भागावरचे, आकडे वाचताना सावध राहा. अमेरिकी पॉटवर 137 ने सुरू होणारा आकडा असला तर तो सीटीएस कंपनीचा. उदाहरणार्थ 1377523 म्हणजे सीटीएस, 1975, तेविसावा आठवडा. जपानी पॉटवर बहुधा ही पद्धत नसते, त्यामुळे ओढूनताणून साल काढू नका. आणि 137 दिसलाच, तर तो पॉट नंतर कुणीतरी बदललेला असू शकतो.

एक विनंती. आत काहीही पुसू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका जपानी गिटारीची नेक उतरवली होती. खोबणीत निळ्या शाईचा शिक्का होता, दोन जपानी अक्षरं आणि एक आकडा. मला तो डाग वाटला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, बोळा निळा झाला, आणि तेव्हा कळलं की ती तपासनिसाची खूण असणार. ज्याने ती गिटार हातात धरून पास केली, त्याचा तेवढाच पुरावा होता. आजही ती खोबण डोळ्यांपुढे येते.

कागद शोधताना ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदीत वाद्यांचा वर्ग 15 बघा आणि रद्द झालेल्या नोंदीही उघडा. नावाचा मालक कोण आणि पहिला वापर कधी, हे तिथे छापलेलं असतं. सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या दैनिकाच्या मायक्रोफिल्मवर 1976 ते 79 च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या जाहिराती चाळा. नाताळाच्या तोंडावर वाद्यांची दुकानं किमतीसकट जाहिराती द्यायची. वाद्यव्यापाऱ्यांच्या नॅम या संस्थेने 2000 पासून धंद्यातल्या लोकांच्या आठवणी चित्रित करून ठेवल्या आहेत, त्याही बघा.

झाकणाखाली नऊ व्होल्टची जुनी बॅटरी असेल तर आजच काढा, ती पाझरून तारा खाते. आणि वसतिगृहातला तो मुलगा आता साठीच्या पुढे असेल. वडिलांच्या पत्रांत किंवा पत्त्यांच्या वहीत त्याचं नाव सापडलं, तर त्या दोन खाचांत कुठले डबे होते ते विचारा.