मुलीच्या गाडीची किल्ली

प्रश्न : मुलगी 21 वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, 68 टक्के. दर रविवारी हिंगणा रोडच्या एका वस्तीत घरकामगार बायकांचे फॉर्म भरायला जाते. म्हणते, पुढे कामगार संघटनेचंच काम करणार. मी वेकोलितला (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची कंपनी) निवृत्त कामगार. तिला एमपीएससीचा क्लास लावून दिला, रविवारी गाडीची किल्ली काढून घेतो. युनियनच्या नादात पोलीस केस झाली तर? तिला समजवा. – एक वडील, नागपूर

उत्तर : भाऊ, 68 टक्के ठीकच आहेत. मी अडले ती किल्लीपाशी. पदवी हातात यायच्या बेतात असलेल्या लेकीची किल्ली कपाटात ठेवून तिचं मन अभ्यासात लागेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? क्लास लावताना तिला विचारलं होतं का? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंय.

आणि तुम्ही तर वेकोलितले. अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार मे 2023 मध्ये झाला, त्यात किमान 19 टक्के वाढ मिळाली. टेबलाच्या एका बाजूला कोल इंडिया होती, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. तुमच्या घरची चूल अशाच करारांवर पेटली. मग तेच काम लेकीने करू नये, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

युनियन म्हणजे संप आणि पोलीस, हा समज आधी काढून टाका. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिलाय. रोजचं काम बहुतेक कागदाचंच असतं. बाईचं आधारवर नाव ‘शकुन’, बँकेच्या पासबुकात ‘शकुंतला’. तेवढ्यावर अर्ज अडतो. घरकामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, पण नोंदणीच झाली नाही तर त्या बाईला त्याचा काय उपयोग? तुमची मुलगी रविवारी हेच निस्तरत बसते.

पैशाचं मात्र तिलाही स्पष्ट सांगते. वर्गणीवर चालणारी संघटना पोटापुरता पगार देईलच असं नाही. म्हणून तीन वर्षांचं एलएल.बी. करावं, त्यासाठी सीईटी द्यावी. कामगार न्यायालय नागपुरातच आहे; कामगारांची बाजू नीट मांडणारा वकील तिथे लागतोच. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, हाही चांगला रस्ता. एमपीएससी तिला स्वतःला वाटली तर नंतरही देता येईल.

किल्ली आजच परत द्या. येत्या रविवारी तुम्हीही तिच्या मागे गाडीवर बसा. फॉर्म भरायला आणखी एक माणूस लागतोच तिथे.