व्हॉट्सॲपवरची एक अफवा खरंच एवढं नुकसान करू शकते का?

हो. राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून फिरत होतेच. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: दुचाकीवरचे दोघे खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या जनजागृतीची. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. नेमका तोच शेवट कुणीतरी कापला होता!

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. वेग कमी होतो, पण अफवा थांबत नाही, कारण ती अनोळखी माणसाकडून येतच नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याच पाठवते, "खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या" असं लिहून. तिच्यावर चिडून काय करणार? नातवंडांच्या काळजीनेच पाठवते ती. मी ग्रुपवर वाद घालत नाही, तिला सरळ फोन करतो.