डेस्कटॉप घरघर करतो आणि मध्येच हँग होतो. मदरबोर्डच गेला हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप पाच वर्षांचा आहे, घरघर करतो, दिवसातून दोन-तीनदा जागच्या जागी थिजतो, दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो आणि मित्र फॉरमॅट मारून देतो म्हणतो. दुकानदाराचं नंतर पाहू. आधी मित्राला थांबवा.

माझं राळेगाव तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीक विमा, झेरॉक्स. २०१७ च्या पावसाळ्यात दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरणं चालू होतं. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला नव्हता ते अंगठा लावायला यायचे. ओट्यावर रांग, आणि माझं मशीन ऐन अर्ध्या अर्जावर थिजायचं. लोक आपसात म्हणत, "सर्व्हर डाऊन असन." मीही मान हलवायचो. सांगायला लाज वाटते, पण साइट चालू होती, शेजारच्या पोट्ट्याच्या मोबाइलवर उघडत होती. बंद मी होतो.

तुमचं थिजलं की कीबोर्डवरचं नम लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे, कशाची तरी वाट पाहतंय, आणि ते बहुतेक वेळा हार्ड डिस्क असतं. दिवा हलतच नसेल तर सगळंच अडकलंय. मग रॅम, उष्णता, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) यांच्याकडे वळा, बोर्डाकडे सगळ्यात शेवटी. माझं नम लॉक चालायचं, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचं सोडून सलग पेटलेला राहायचा. निदान तिथेच होतं, मला वाचता येत नव्हतं एवढंच.

त्यात पोळ्याला साळा आला. अमरावतीहून डिप्लोमा केलेला, खिशात कायम विंडोजचा पेनड्राइव्ह. "भाऊजी, काही नाही, विंडोज करप्ट आहे, मारून देतो." मी म्हटलं, डी ड्राइव्हमध्ये सामान आहे. म्हणे फक्त सी उडवतो. मग पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी-डी असे भाग, नीट करून देण्याच्या नादात दोन्ही एक करून टाकले.

डीमध्ये बाबांचं रजिस्टर होतं. बाबा मोटारपंपांचं वाइंडिंग करतात. कोणत्या मोटारीला तारेचे किती टर्न म्हणजे वेढे, कोणत्या गेजची तार, कॉइलची पिच किती, हे सगळं त्यांच्या वहीत होतं. वहीला उधई लागली म्हणून मी दोन उन्हाळे त्यांना विचारून विचारून ते एक्सेलमध्ये घातलं होतं. उरलेली वही चुलीत गेली होती. बाबा साळ्याला काही बोलले नाहीत. जेवताना त्याला आग्रहानं पुरणपोळी वाढली.

फॉरमॅटनंतर मशीन आठ दिवस सुसाट पळालं. हीच फसगत आहे! नवी विंडोज डिस्कच्या दुसऱ्या, धड जागेवर बसते, खराब सेक्टरला, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या कप्प्यांना, काही दिवस हात लागत नाही, म्हणून रोग गेला असं वाटतं. आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर पुन्हा सगळं लिहिल्यामुळे जुना डेटा परत मिळायची आशाही त्यात दबते. नवव्या दिवशी एका आजीच्या अर्जावर पुन्हा थिजलं.

तेव्हा बाबा मागच्या खोलीतून आले. "आधी आवाज कुठून येऊन रायला ते पाय ना." कॅबिनेट उघडलं. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस बाजूच्याच खोलीत आढ्यापर्यंत भरलेला असतो. त्याचं तूस प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या जाळीवर, बसून गादीच्या तुकड्यासारखं घट्ट झालं होतं. बाबांनी मोटारी साफ करायचा ब्लोअर लावला. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेनं तो भलत्या वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. घरघर गेली. मला वाटलं, झालं काम.

आणि मग त्या शांततेत ऐकू आलं. टक्. टक्. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. इतके महिने ते पंख्याच्या आवाजाखाली दबलेलं होतं.

बाबांनी लांब पेचकस घेतला, टोक हार्ड डिस्कच्या कडेला टेकवलं, प्लास्टिकची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मोटारीचं बेअरिंग ते असंच तपासतात. नंतर एसएमपीएसच्या डब्याला लावलं, पुन्हा डिस्कला. "बेअरिंग चांगलं हाय. आतमधी काईतरी जाऊन जाऊन वापस येऊन रायलं." डिस्कमध्ये हेड नावाचा भाग असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण होतं नेमकं तेच. हेडला सेक्टर वाचता येत नाही, ते मागे येतं, परत जातं, आणि तोवर सगळी विंडोज ताटकळत बसते.

नंतर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर पिवळं, म्हणजे इशारा. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहायच्या. तिथला आकडा शून्य नसेल, आणि विशेषतः वाढत असेल, तर डेटा आजच बाहेर काढा. आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबात, असतात, १० दिसलं म्हणजे १६. सी७ एकटाच वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, आधी डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल बदला. मी त्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, टाकली. जो बोर्ड "गेला" म्हणून तालुक्याच्या दुकानात मला पाच हजार सांगितले होते, तोच बोर्ड आजही बाबांच्या खोलीत चालू आहे.

तर आवाज आणि हँग हे एकाच रोगाचे आहेत असं धरून चालू नका. माझ्याकडे दोन रोग होते आणि मोठ्यानं ओरडणारा किरकोळ निघाला.

बोर्डाचं म्हणाल तर त्यावरचे छोट्या डब्यांसारखे उभे कपॅसिटर फुगलेत का, डोक्यावर तपकिरी चिकट काही आलंय का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. रॅमची एकच पट्टी ठेवून चालवा, सोनेरी दात खोडरबरनं पुसा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून घाबरू नका, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ते सांगतं, का ते नाही. डिस्कच्या नावानं ७ किंवा १५३ दिसला तर मात्र माझी गोष्ट पुन्हा वाचा. रात्री पंपांची थ्री फेज आली की व्होल्टेज पडतो आणि नेमकं तेव्हाच थिजत असेल, तर एसएमपीएस किंवा यूपीएसवर संशय घ्या.

साळा अजून लग्नाकार्यात सांगतो की भाऊजींचं कॉम्प्युटर मीच सुधरवलं. चालू झालं होतं ना आठ दिवस, म्हणतो. त्याला मी एकच विचारतो, तीन एचपीच्या मोटारीचे टर्न सांग. बाबांना पाच एचपीचे तोंडपाठ आहेत, बाकीचे ते जुनी मोटार उघडली की मोजून घेतात.

हो, एक राहिलं. पेचकसाचा प्रयोग घरात अर्थिंग असेल तरच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अजिबात नको, आणि एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडायचा नाही, वायर काढलेली असली तरी.

थिजल्यावर नम लॉकचं काय होतं ते आधी कळवा.