कोरोना कधीच बरा झाला, आता कंपनी म्हणते हृदयविकार जुनाच

प्रश्न : माझे मिस्टर सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे युनिफॉर्म शिवून देण्याचं छोटं युनिट चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला, अ‍ॅडमिट होते, पूर्ण बरे झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये आरोग्य विमा काढला. फॉर्म एजंटनेच मोबाईलवर भरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दम लागायला लागला, पाय सुजले. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग ३० टक्के निघालं. बिल ३ लाख ८० हजार. कंपनीने ‘आधीचा आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. एजंट म्हणतो, तीन वर्षं झाली की कंपनीला काही करता येत नाही. आम्ही काय करावं?

ताई, तुम्ही पाठवलेले कागद नीट वाचले. डिस्चार्ज कार्डावर हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलंय, ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ? कोविडनंतरचा मायोकार्डायटिस, २०२१’. म्हणजे हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर झालाय, कदाचित २०२१ मध्ये कोविडनंतर स्नायूला आलेल्या सुजेमुळे. कंपनीच्या पत्रात मात्र ‘२०२१ पासून हृदयविकार’ असं आलंय. मधलं प्रश्नचिन्ह गाळलं आहे. तक्रारीची सुरुवात तिथूनच करा.

विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. बऱ्याच जणांची ती उतरते. काहींचा स्नायू हळूहळू कमजोर होत जातो आणि दम लागेपर्यंत काही कळत नाही. डॉक्टरांनी मागचा इतिहास बघून अंदाज लिहिला, म्हणून २०२१ मध्ये निदान झालं होतं असं होत नाही. पॉलिसीच्या दृष्टीने ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे पॉलिसीपूर्वीच्या ठराविक काळात डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी उपचार वा सल्ला दिला होता असा आजार. हा काळ विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांत ३६ महिने आहे, जुन्या पॉलिसीत ४८ असायचा. कोणताही धरा, त्या काळात उपचार झाले ते कोरोनावर.

अवघड भाग पुढे आहे आणि तो तुमच्यापासून लपवणार नाही. फॉर्ममध्ये ‘याआधी अ‍ॅडमिट होता का?’ किंवा ‘कोरोना झाला होता का?’ असा प्रश्न असेल आणि उत्तर ‘नाही’ गेलं असेल, तर कंपनीला धरायला जागा मिळते. फॉर्म एजंटने भरला एवढ्यावर सुटका होत नाही. म्हणून आधी कंपनीकडे भरलेल्या प्रस्ताव फॉर्मची प्रत लेखी मागा, फोनवर पडताळणी झाली असेल तर रेकॉर्डिंगही. प्रश्नच मोघम असेल तर पारडं तुमच्याकडे झुकतं. माहिती दडवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये महाकाली सुजाता प्रकरणात हेच सांगितलं.

२०२१ ची फाईलही काढा. त्या वेळचा ईसीजी किंवा इको नॉर्मल असेल तर फारच उत्तम. पण डिस्चार्जच्या वेळी ‘इको करून घ्या’ असं लिहिलेलं असेल तर मला आधी सांगा, कंपनी त्याला वैद्यकीय सल्ला म्हणेल. आत्ताच्या डॉक्टरांकडून, हृदयविकाराचं निदान पहिल्यांदा फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं, असं पत्र घ्या. जे खरं आहे तेवढंच त्यांनी लिहावं. ‘कोरोनाशी संबंधच नाही’ असं लिहून मागू नका.

एजंटचं तीन वर्षांचं म्हणणं आयुर्विम्याला लागू आहे. आरोग्य विम्यात ती मुदत सलग ६० महिन्यांची, तुमचे ते पूर्ण नाहीत.

तुम्ही बिलाबद्दल विचारलंत, मला जास्त काळजी रद्द झालेल्या पॉलिसीची वाटते. पंपिंग ३० टक्के असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं फार कठीण आहे. तक्रारीत ‘क्लेम द्या’ यासोबत ‘पॉलिसी खंड न पडता पूर्ववत करा’ ही मागणी हवीच. प्रीमियमचे पैसे खात्यात परत आले असतील तर ‘मान्य नाही, हक्क राखून ठेवत आहोत’ असं ई-मेलने कळवा. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कुठल्याही कागदावर मिस्टरांनी सही करू नये.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. मुदत एक वर्षाची. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. तिथली मुदत दोन वर्षांची, आणि लोकपालांकडे गेलात तरी ती मोजली जातेच असं धरून चाला. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

तोवर उपचार थांबवू नका. पुढे एखादी प्रक्रिया करावी लागली तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. फॉर्मची प्रत हातात आली की मला पाठवा, लोकपालांकडच्या अर्जाचा मसुदा मी बघून देईन.