संप : सलोखा की कामबंदी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकते. तिथे तिला ‘संप त्यां जंप’ ही म्हण शिकवली. आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे पटेना. त्यांच्या लेखी संप म्हणजे फाटकावरच्या घोषणा आणि बुडालेला पगार, त्यात ‘जंप’ म्हणजे शांतता कुठली? तेव्हा दोन्ही भाषांतला ‘संप’ एकच की वेगवेगळा, ‘काम संपवलं म्हणून संप’ ही व्युत्पत्ती खरी का, आणि संप व हरताळ यांत फरक काय, असं त्यांनी विचारलं आहे.

शब्द एकच आहे. गुजरातीने त्याचा जुना अर्थ जपला आणि मराठीने त्याला गिरणीच्या फाटकावर नेलं. गुजरातीत ‘संपीने रहेजो’ म्हणजे गुण्यागोविंदाने राहा, आणि ‘कुसंप’ म्हणजे घरातली दुही. जुन्या मराठीतही संप म्हणजे एकी, एकमत, सलोखा, आणि त्यापुढे जाऊन काहीएक हेतूने केलेली जूट. चार माणसं ठरवून एका बाजूला उभी राहिली की तो त्यांचा संप. काम थांबवणं हा अर्थ नंतर आला. त्यामुळे ‘काम संपवलं म्हणून संप’ ही उपपत्ती ऐकायला गोड असली तरी तिने शब्दाचा प्रवास उलटा होतो. आधी एकमत आहे. काम थांबणं हा त्या एकमताचा परिणाम.

हा बदल समजून घ्यायचा तर मुंबईच्या गिरण्यांकडे पाहावं लागतं. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या आज वाचताना अंगावर येतात, कारण त्या इतक्या लहान आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. म्हणजे एवढंही मिळत नव्हतं. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगार व्यासपीठावरून बोलल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या लढ्यात फाटक बंद करण्यापेक्षा वेगवेगळ्या जातींच्या, गावांच्या, भाषांच्या माणसांनी एका कागदावर अंगठे उठवले, हे मोठं होतं. शब्दाच्या जुन्या अर्थाने संप झाला होता तो हा.

त्याच वर्षी लोखंड्यांच्याच प्रेरणेने मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. तिथे पगारवाढीची मागणी नव्हती, मालकही नव्हता. होती ती आपल्या हातून अन्याय घडू द्यायचा नाही ही एकमताने केलेली प्रतिज्ञा, तीही स्वतःची मिळकत सोडून. सामाजिक सुधारणा आणि कामगार चळवळ ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवली जातात. इथे ती एकाच माणसाच्या एकाच कामात दिसतात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली व्याख्या पाहा (२०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली). एकट्याने कामावर न जाणं हा तिथे संप होत नव्हता. कामगारांच्या समूहाने एकत्र येऊन काम थांबवणं, किंवा समाईक समजुतीने काम नाकारणं, हा संप. म्हणजे त्या कायद्याच्या भाषेतही सलोखा हाच संपाचा प्राण होता.

आणि सलोखा अपुरा असला तर? मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण दलित कामगारांना तिथे मज्जाव होता, कारण तिथे सुताचा धागा तोंडाने ओलावून जोडावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ चा मोठा संप सहा महिने चालला. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मज्जाव उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. हे तेच आंबेडकर, ज्यांना १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आल्यावर राहायला जागा मिळू दिली गेली नाही. पुढे १९३८ मध्ये मुंबई सरकारच्या औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना, संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, अशी मांडणी त्यांनी विधिमंडळात केली आणि ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप घडवला. आपल्याच खात्यात शेजारच्याला उभं न करणाऱ्यांच्या एकजुटीला मी तरी पूर्ण अर्थाने संप म्हणणार नाही.

आता हरताळ. तो मूळचा बाजारातला शब्द: हट्ट म्हणजे पेठ, तिला ठोकलेलं टाळं. म्हणून व्यापारी हरताळ पाळतात, कामगार संप करतात. (‘तत्त्वांना हरताळ फासणे’ यातला हरताळ निराळा, ते पिवळं खनिज, पोथीतली चुकीची अक्षरं झाकायला लावत.) गुजरातीत मात्र ‘हडताळ’ पेठेपुरती राहिली नाही, गिरणीतही तीच चालते. संप हा शब्द सलोख्यासाठी राखून ठेवल्यावर दुसरं काय करणार?

मालकाने टाळं लावलं की ती टाळेबंदी. टाळं तेच, लावणारा हात वेगळा. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत १९१८ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच लढ्यात घडल्या. प्लेगच्या साथीत मजुरांनी शहर सोडू नये म्हणून दिला जाणारा बोनस बंद झाल्यावर मजुरांनी वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले, गांधीजींनी ठरवलेली मागणी पस्तीसची. २२ फेब्रुवारीपासून मालकांची टाळेबंदी होती. १२ मार्चला वीस टक्के मान्य असणाऱ्यांसाठी फाटकं उघडली आणि मजूर आत गेले नाहीत, तेव्हापासून तो संप. १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केलं, १८ मार्चला समेट झाला, आणि लवादाने पुढे पस्तीस टक्केच दिले. वर्णन करताना सगळ्या दिवसांना सरसकट ‘संप’ म्हटलं, तर पहिले अठरा दिवस काम कोणी थांबवलं होतं हेच पुसलं जातं. अशा ठिकाणी शब्द जपून वापरावा.

बडोद्याच्या मराठीत ‘हडताळ पाडली’ सर्रास ऐकू येतं. ते गुजरातीच्या सहवासातून आलं आहे. बोलण्यात त्याला हरकत घेऊ नये. लिहिताना मात्र संप पुकारतात, संपावर जातात, संप मागे घेतात, तो मिटतो, आणि कुणी फितवलं तर फुटतो. यातल्या ‘फुटणे’ या क्रियापदात जुना अर्थ अजून जिवंत आहे, कारण फुटते ती एकी. बँक कर्मचारी, डॉक्टर, रिक्षाचालक यांच्यासाठी संप चालेल. पूर्ण शहर थांबलं तर ‘बंद’ म्हणावं. आणि गुजराती वर्तमानपत्रात ‘कामदारोमां संप छे’ असं वाचलंत, तर त्यावरून कारखाना चालू आहे की थांबला आहे ते कळणार नाही. त्यासाठी बातमीत ‘हडताळ’ शोधावी लागेल.